कालची हाय, पन चांगली हाय

"कालची हाय, पन चांगली हाय. घ्यायची तर घे, नायतर उद्या ये."

चांगुणाबायच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ठाण्याच्या मासळीबाजारात मी तिच्यापुढच्या सुरमईकडे बघत विचारलं होतं, "मावशी, ताजी आहे ना?" आता असं विचारायची एक रीत असते, खऱ्या उत्तराची कोणी वाट बघत नाही. विकणारी म्हणते, आत्ताच होडीतनं उतरवली. आपण मान हलवतो, कल्ला उचलून बघतो आणि भावावर येतो. ह्या बाईने सरळ सांगूनच टाकलं. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. शेजारची कोळीण हसत म्हणाली, "तिच्या नादी नको लागू बाय, ती गिऱ्हाईक हाकलायला बसते."

मी ती सुरमई घेतली. का घेतली, ते आजही नीट सांगता यायचं नाही. चांगली निघाली. त्यानंतर मी दुसरीकडे मासळी घेतली नाही.

चांगुणाबाय ठाण्याच्या कोळीवाड्यातली. नवरा खाडीत होडी घालायचा, तो लवकर गेला, मागे एक मुलगा, हरेश. अंगाने थोराड, आणि आवाज असा की ती बाजाराच्या ह्या टोकाला बोलली की त्या टोकाच्या मांजरी उठून बसायच्या. केसात रोज अबोलीचा गजरा, नवरा गेल्यावरही. पुढ्यात दोन टोपल्या, एकीत आजचं म्हावरं, दुसरीत कालचं. कालच्या टोपलीवर एक ओलं फडकं टाकलेलं असायचं, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच कळावं. बाकीच्या कोळणी सगळं एकत्र मांडायच्या, आणि त्यात काही मोठा गुन्हा नव्हता. बर्फातली मासळी म्हणजे काही विष नसतं. पण हिला ते जमायचं नाही. एकदा मी विचारलं, "अगं, तुझं नुकसान नाही का होत?" तर म्हणते, "व्हतं ना. पन कोनाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवायला नको लागत. माजी आटवन कच्ची हाय."

माणसांना ती माशांची नावं ठेवायची. मी बुटकी, हडकुळी, म्हणून मांदेली. माझ्या नवऱ्याला तिने एकदाच पाहिलं, बसल्या जागी पेपर वाचताना, आणि त्यांचा खेकडा करून टाकला. स्वतःच्या मुलाला निवटा म्हणायची. खाडीच्या चिखलावर निवटे बसलेले दिसतात, धरायला जावं तर सटकन बिळात. हरेश तसाच होता म्हणे, प्रश्न विचारला की गायब.

मी काही शिकलेली बाई नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं जे काय ते वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि गिऱ्हाइकांच्या तोंडून. टेंभी नाक्याजवळ आमच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत माझं मशीन. मी ब्लाऊज शिवायची. चांगुणाबायला हे कळलं तशी ती कोणाच्या तरी हळदीसाठी लालभडक कापड घेऊन आली. माप देताना ती एका जागी उभी राहील तर शपथ. हात वर कर म्हटलं की हातवारे करून बाजारातलं भांडण सांगायची, आणि माझा टेप तिच्या हाताबरोबर फिरायचा.

गळ्याचं माप घेताना माझं बोट अडलं. मानेच्या बाजूला, हाडाच्या वरच्या खळीत, सुपारीएवढं काहीतरी.

"हे काय गं?"

"काय?"

"ही गाठ."

"ती व्हय. हाय कवापासनं. दुखत नाय."

न दुखणारी गाठ आधी दाखवावी, असं मी कुठल्याशा मासिकात वाचलेलं होतं. ते तिला सांगितलं. "तुजा खेकडा पेपर वाचतो, त्याचं तुला लागलंय," म्हणाली. पण आली. आधी आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरकडे, मग परळला. गाठ काढून तपासली आणि निघाला तोच आजार.

मी "तोच आजार" लिहिते आहे, कारण ऐंशीच्या त्या वर्षांत आम्ही बायका असंच म्हणायचो. नाव घेतलं तर घरात शिरेल अशी भीती. कोणी विचारलं तर सांगायचं, गळू झालंय. तिच्या भावकीनेही तेच ठरवलं होतं. बाजारात एका कोळणीने विचारलं, "गलू झालेला ना गो?" चांगुणाबाय म्हणाली, "गलू नाय. क्यान्सर हाय."

झालं. तिच्याकडची मासळी घ्यायला लोक भिऊ लागले. शेजारणीने पाट लांब सरकवला. हरेश तेव्हा शाळेत होता, दुपारी डबा घेऊन बाजारात यायचा. आई भरल्या टोपल्यांपुढे बसलीय आणि लोक वळसा घालून जातायत, हे त्याने रोज बघितलं. मी तिला म्हटलंसुद्धा, "थोडं गप्प बसली असतीस तर?"

"मंग ती मानसं माज्या सुरमईवर तरी कशाला इस्वास ठेवतील?" ती म्हणाली.

परळला तिला एक औषध शिरेतून द्यायचे, लालबुंद. ती म्हणायची, सरबत देतात पण पाजत नाहीत. त्या सरबताने केस गेले सगळे. तर ही बाई काय करायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि गजरा पदरालाच टाचायची. पिना मीच द्यायची. ट्रीटमेंट संपली, दर वर्षी तपासण्या होत राहिल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता बरी आहेस, येऊ नकोस. केस आले, गिऱ्हाईकही हळूहळू परत आलं. शेजारणीने पाट पुन्हा जवळ घेतला. चांगुणाबाय तिला त्यावरून एका अक्षराने बोलली नाही, फक्त तिचं नाव बोंबील होतं त्याचं सुका बोंबील केलं.

मधली कितीतरी वर्षं चांगली गेली. हरेश नोकरीला लागला, सून आली.

नव्वद साल मागे पडल्यावर चांगुणाबाय टोपली घेऊन चालताना थांबायला लागली. आधी एकदा, मग विजेच्या प्रत्येक खांबाशी. तिची मापं बिघडली. दंड सैल, कंबर घट्ट, पायाला सूज. रात्री आडवं पडता येईना, उशा लावून बसून झोपायची. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय आणि त्याची ताकद गेलीय. कशामुळे, ते नक्की सांगता येत नाही. गोळ्या झाल्या, इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या, आणि मग एका डॉक्टरांनी हरेशला बाजूला घेऊन सांगितलं की आता नवीन हृदय बसवलं तरच.

तेव्हा आपल्याकडे ही गोष्ट नुकती कुठे सुरू झालेली. मद्रासला होते असं कळलं. सगळ्या कोळीवाड्याने हातभार लावला, नाहीतर तिथवर कसली जाते. बाजारात ही बातमी पोचली तेव्हा सुक्या बोंबलाने विचारलं, "चांगुना, बाप्याचं कालीज बसवलं तर तू दारू पिशील काय गो?"

"पिईन ना," ती धापा टाकत म्हणाली. "तुज्याच घरी येऊन पिईन."

सून बाळंतीण होती, हरेश बरोबर येणार होता, पण त्याला फार रजा मिळेना. आमच्या ह्यांना कल्याणला रेल्वेत नोकरी, त्यामुळे मला पास होता, आणि मोडकं हिंदी येत होतं. म्हणून मी गेलेले. कल्याणला मेलमध्ये बसलो. चांगुणाबायला डोळा लागल्यावर हरेश हळूच म्हणाला, "काकी, आयेच्या त्या जुन्या दुखण्याचं तिथं काय काढायचं नाय."

"का रे?"

"मला एकानं सांगितलंय. आधी क्यान्सर झालेला असला की नवीन हार्ट देत नायत. नावच घेत नायत यादीत." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खरं बोलून काय होतं ते मी बाजारात बघितलंय."

त्याचं चुकतंय असं म्हणायला माझ्याकडे तरी काय होतं?

मद्रासचे मोठे डॉक्टर गोरे, गोल, चकचकीत होते. चांगुणाबायने पहिल्या दिवशीच त्यांचं पापलेट केलं. ते तिला अम्मा म्हणायचे. त्यांनी तपासताना मानेवरच्या व्रणावर बोट ठेवून विचारलं, हे काय? हरेश म्हणाला, लहानपणी गळू झालं होतं. पूर्वी काही मोठा आजार? नाही. डॉक्टरांचं हिंदी माझ्यापेक्षा मोडकं, हरेशचं इंग्रजी तुटकं, आणि चांगुणाबायला दोन्हीतलं काही कळत नव्हतं. पण बोट कुठे ठेवलं ते तिने बघितलं होतं.

संध्याकाळी खोलीवर तिने मला विचारलं, "काय इचारलं पापलेटानं?"

मी सांगितलं.

"आन निवटा काय बोलला?"

तेही सांगितलं. ती उशांना टेकून बसली होती तशीच बसून राहिली.

त्या इस्पितळात तपासणीच्या खोलीबाहेर एक बाक होता. तिथे एक कॉलेजातला मुलगा आणि त्याची आई रोज बसायची. त्यालाही हृदयच हवं होतं. ओठ निळे पडलेले, जिना चढवत नव्हता. त्याची आई चांगुणाबायशी तमिळमध्ये बोलायची, ही तिच्याशी कोळी बोलीत, आणि दोघींचं चांगलं जमायचं. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर बसून चांगुणाबाय मला म्हणाली, "मांदेली, कालीज एक येतं. घेनारे बाकावर किती बसल्यात बघ."

मग आम्हांला आत बोलावलं. डॉक्टर, एक नर्स, हरेश, मी. डॉक्टर काही विचारायच्या आतच चांगुणाबाय म्हणाली, "बाय, त्याला सांग, मी कालची हाय."

मला क्षणभर कळेना. पण तिने डोळ्यांनी दटावलं, तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरसाब, ये बोलती है, ये कल की है."

डॉक्टर हसले. "कल नहीं, अम्मा. कल ऑपरेशन नहीं. हार्ट मिलेगा, तब."

तिला त्यातलं "कल नहीं" तेवढं समजलं. "नाय काय नाय?" ती चिडली. "मी सांगते ना कालची हाय. हा आपला नायच म्हनतो."

आपलं काल आणि हिंदीतलं कल, त्यात उद्याही येतो हे कोणाच्या ध्यानात? ती कालची म्हणते, डॉक्टर तिला उद्याचं सांगतायत, नर्स हसतेय, आणि मला घाम फुटलाय. शेवटी चांगुणाबायने हनुवटी वर केली. मासळीचा कल्ला उचलून गिऱ्हाइकाला दाखवावा तसा दोन बोटांनी पदर बाजूला सारला, आणि व्रणावर बोट ठेवून डॉक्टरांना म्हणाली, "क्यान्सर."

तो शब्द सगळ्या भाषांत सारखाच. नर्स हसायची थांबली.

"आये," हरेश म्हणाला, "तू काय बाजारात बसलीस काय?"

"बाजारच हाय रं," ती म्हणाली. "आज मीच टोपलीत हाय."

डॉक्टर निघायच्या बेतात होते, ते स्टूल ओढून बसले. कधी झालं, काय उपचार झाले, सगळं विचारलं. औषध कसलं दिलं, ते आम्हांला नाव येईना. मग त्यांनीच विचारलं, "लाल था?" चांगुणाबाय म्हणाली, "सरबतावानी." डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी समजावून सांगितलं, मी जमेल तसं मराठीत केलं. ते लाल औषध जीव वाचवतं, पण काहींच्या हृदयाला ते आतून दुबळं करून जातं आणि ते वर्षांनी बाहेर येतं. ठाण्यात कोणाला उलगडलं नव्हतं ते इथे उलगडलं. ज्याने तिला वाचवलं होतं, त्यानेच हे केलं होतं.

"मंग त्याला नाव नाय ठेवायचं," चांगुणाबाय म्हणाली. "मधली एवडी वर्सं त्यानंच दिली. नातू बगितला."

पुढचं ऐकून मात्र हरेश खाली बसला. डॉक्टर म्हणाले, नवीन हृदय बसवल्यावर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्या अंगात परक्याला हाकलणारा एक राखणदार असतो, तो ह्या नव्या हृदयालाही परका समजून मारायला उठतो. म्हणून गोळ्यांनी त्याला झोपवून ठेवायचं. पण तो झोपला की कॅन्सरसारख्या गोष्टींना मोकळं रान मिळतं. जुन्याचं बी कुठे राहिलं असेल तर ते उगवेल, नसलं तरी नवीन व्हायची भीती इतरांपेक्षा जास्त. म्हणून आम्ही पूर्वीचं विचारतो, अम्मा. आता सगळ्या तपासण्या पुन्हा करू. जुनं कुठेच नाही अशी खात्री झाली तर तुझं नाव घेऊ, तोवर नाही. जाताना त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "अच्छा किया, बता दिया."

बाहेर आल्यावर हरेश फुटला. एवढा मोठा बाप्या, बाकाशी उभा राहून म्हणाला, "तुझ्या खरेपनानं तू मरशील, आये. एकदा गप्प बसली असतीस."

"हरेश," तिने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारलेली मी ऐकली. "कोनाचं तरी पोर जाईल तवा मला कालीज भेटेल. त्याची आय काढून देईल. तिला फसवून न्यायचं काय? आन माज्यात नासलं तर?" मग बाकाकडे बघून म्हणाली, "हा पोरगा बसलाय ना इथं."

त्या तपासण्या चालू असताना एक हृदय आलं. ते त्या मुलाला बसवलं. चांगुणाबायचं नाव यादीत असतं तर कोणाला मिळालं असतं, देव जाणे. हरेशचा चेहरा पांढरा पडला होता. त्या मुलाची आई शुद्धीत नसल्यासारखी भिंतीला टेकून होती, चांगुणाबाय तिच्याजवळ जाऊन बसली, आणि दिवसभर तिचा हात धरून होती. त्यांचं बोलणं त्या दिवशी झालं नाही.

तपासण्या चांगल्या आल्या. नाव घेतलं. मग नुसती वाट बघणं. ते दिवस ती कशी काढायची, तर मला घेऊन रिक्षाने समुद्रावर. तिथल्या कोळणींपुढे बसून माशांचे कल्ले उचलायची, आणि खांद्यावरून मागे बोट दाखवून विचारायची, कालची? एकीने बराच वेळ टाळलं, मग हसून मान हलवली. त्या दिवशी चांगुणाबाय फार खूश होती. म्हणाली, "आपल्यातलीच हाय."

शेवटी बोलावणं आलं. आत नेताना तिने मला जवळ घेतलं. मला वाटलं देवाचं काही सांगेल. म्हणाली, "परत आले नाय तर टोपल्या सुनेला दे. फडकं पन दे."

परत आली. कोणाचं हृदय ते सांगत नाहीत, एवढंच कळलं की तिथल्याच कोणा तरुण मुलाचं. शुद्धीवर आल्यावर तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पावना आला." शेवटपर्यंत त्या हृदयाला ती पाहुणाच म्हणाली. चहा पिण्याआधी छातीवर हात ठेवून विचारायची, "काय पावने, चालंल ना?"

राखणदाराची गोष्ट तिने आपल्या पद्धतीने बसवून घेतली होती. कोळीवाड्यात अंगणात सुकट वाळत घालतात आणि एखादी म्हातारी काठी घेऊन राखणीला बसते. चांगुणाबाय म्हणायची, "गोल्यांनी म्हातारीला झोपवलीय, पावन्याला काठी मारू नाय म्हनून. पन म्हातारी झोपली की कावलं येनार. मंग कावलं मीच हाकनार." डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुझं जुनं माहीत आहे म्हणून गोळ्या जमतील तेवढ्या कमी ठेवू, पण तू जपून राहायचंस. उन्हात अंग उघडं टाकायचं नाही, कातडीवर काही नवीन दिसलं, कुठे गाठ लागली, की लगेच यायचं.

ठाण्याला आल्यावर तिने माझ्याकडून मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले. कोळीण आणि लांब बाह्या. पोरं तिला "गुड मॉर्निंग टीचर" म्हणायची. ती छत्री हलवून म्हणायची, "शीट डाऊन." बाजारात पाण्यात, घाणीत बसायची तिला बंदी. मग ती कडेला उंच स्टुलावर, तोंडावर फडकं, डोक्यावर काळी छत्री, अशी थोडा वेळ यायची. टोपल्या सुनेच्या. सून कधी नव्या गिऱ्हाइकाला "ताजी हाय" म्हणाली की छत्रीखालून आवाज यायचा, "कालची हाय ती."

आणि महिन्यातून एकदा ती माझ्याकडे यायची, माप द्यायला. शिवायचं काही नसायचं. "घे माप," म्हणून हात पसरून उभी. मी गळा बघायची, मग बाहीचा मुंढा, म्हणजे काखेभोवतीचं माप. टेप नावाला, बोटांनीच बघायचं. पाठीवरचे तीळसुद्धा मला पाठ झाले होते. "कावला हाय काय?" "नाही." "मंग च्या कर."

एकदा ती आली आणि हात पसरायच्या आधीच म्हणाली, "डावा मुंढा बग." तिला माहीत होतं. बोटाला लागली, वाटाण्याएवढी. तीच म्हणाली, "च्या नंतर कर. खाली जाऊन हरेशला फोन लाव."

ह्या वेळी हरेशने काही लपवलं नाही की लपला नाही. तिसऱ्या दिवशी मद्रासला घेऊन गेला. सुई घालून तपासलं. जुना आजार नव्हता. त्या गोळ्यांमुळे होतो तसला नवीनच, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणखी कमी करून बघू. राखणदार थोडा जागा झाला तर तोच गाठ विरघळवेल. पण जागा होऊन त्याने हृदयावरच हात उचलला, तर अवघड होईल. दोन्हींच्या मधलं माप काढायचं होतं. तिने विचारलं म्हणे, "म्हातारीला सांगता येत नाय काय, पावना कोन आन कावला कोन?" आणि मग म्हणाली, करा.

ते दोन-तीन महिने मी मशीनवर बसले की सुई वाकडी जायची. आमच्याकडे फोन नव्हता, खालच्या वाण्याकडे यायचा. एका दुपारी त्याने हाक मारली. लांबून, घरघरत, तोच आवाज. मांजरी उठवणारा.

"मांदेली, मुंढा ढिला झाला."

"काय म्हणतेस?"

"गाठ नाय लागत. पावना पन बरा हाय. आता इथलं सांबार पुरं झालं, येते."

वाणी विचारत होता, काकी काय झालं, रडता का. मी म्हटलं, ब्लाऊज बरोबर बसलाय.

नारळी पौर्णिमेला ती खाडीवर दोन नारळ सोडायची. एक दर्याचा. दुसरा "त्या पोराचा", ज्याचं काळीज तिच्या छातीत होतं. मी एकदा म्हटलं, कोणत्या धर्माचा होता ते तरी कुठे माहीत आहे. ती म्हणाली, "दर्या इचारत नाय. तू कशाला इचारतंस?" त्या मुलाच्या आईला भेटायची तिची फार इच्छा होती. ते होत नसतं. मग ती म्हणायची, तिला नारळ पोचत असेल तर बरं, नायतर निदान तिच्या पोराला मी नीट ठेवलंय.

एका थंडीत ती गेली, झोपेत. पाहुणा थकला असं डॉक्टर म्हणाले, तो आजार नव्हता. नातवाला शाळेत नेऊन सोडण्याइतकी वर्षं तिला मिळाली होती, आणि त्यांतला एकही दिवस तिने फसवून घेतलेला नव्हता.

मला ती शेवटची दिसली ती आधीच्या नवरात्रात. नाक्यावर मांडवाचे बांबू बांधत होते, रस्ता निम्मा अडलेला. ती जिना चढून आली, पूर्वीसारखी दम न खाता, आणि हात पसरून उभी राहिली. मी टेप गळ्यापासून मुंढ्यापर्यंत नेला. एकीकडे, मग दुसरीकडे. काही नव्हतं. हाताखाली तो तरुण मुलगा ठोके देत होता.

"काय मांदेली, कशी हाय?"

"ताजी आहे," मी म्हटलं.

तिने मला बाजारातल्या नव्या कोळणीकडे बघावं तसं बघितलं. "तू पन शिकलीस व्हय, गिऱ्हाइकाला फसवायला." बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, गजरा चाचपला, छत्री घेतली आणि निघाली. मी खिडकीशी गेले. बांबूंच्या गर्दीत खाली काळी छत्री उघडली. मांडव बांधणाऱ्या कोणीतरी ओरडून विचारलं, "काय चांगुणाबाय, तब्येत कशी हाय?"

छत्री थांबली नाही. खालून आवाज तेवढा वर आला.

"कालची हाय रं. पन चांगली हाय."